गाडीला माहीत असलेली तिसरी चावी

यात एक शब्दही पदरचा नाही. विनिताताई आमच्याच इमारतीत राहतात. कामोठ्यात, तिसऱ्या मजल्यावर.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचे मिस्टर, प्रितेश, ऑफिसातच हार्ट अटॅकने गेले.

गाडी खाली पार्किंगमध्ये तशीच उभी राहिली. ताईंना गाडी चालवता येत नाही.

तरीही दर मंगळवारी दुपारी...

बॉनेट गरम लागायचं.

आणि किलोमीटर वाढलेले असायचे. दर वेळी चौदा.

"गेट उघडलंच नाय, मॅडम. देवाशपथ!" वॉचमन तुळशीराम सांगायचा.

कुणीतरी डुप्लिकेट चावी केली असणार, असं ताईंना वाटलं. मे महिन्यात त्यांनी चावीवाल्या डॅनीला बोलावलं. त्याने स्टीअरिंगखाली आपलं मशीन जोडलं.

"ताई, तिसरी चावी कुठाय?"

"दोनच आहेत की."

"गाडीला तीन माहीत आहेत."

ताईंनी घर पालथं घातलं. तिसरी सापडली नाही. मग डॅनीने सगळ्या चाव्यांचे कोड पुसले आणि हातातल्या दोनच गाडीत परत नोंदवल्या.

"आता त्या तिसरीने इंजिन सुरू होणार नाही. बिनधास्त राहा."

पुढचा मंगळवार. दुपारचे दोन.

खर्रर... खर्रर...

स्टार्टर फिरत होता. ताई धावतच खाली गेल्या.

दारं लॉक. आत कुणी नाही.

फक्त डॅशबोर्डवर, चावी ओळखली नाही की लागतो तो लाल दिवा... लुकलुकत होता.

संध्याकाळी बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई उभी. सात किलोमीटरवरच्या ओवे गावची, नाव रंजिता.

"प्रितेश आज आला नाही," ती रडत म्हणाली. "गेल्यानंतरसुद्धा त्याने एकही मंगळवार चुकवला नव्हता. आज काय झालं?"

ताईंनी चौकट धरली.

"कधीपासून येतो?"

"सहा वर्षं."

ताईंच्या लग्नाला सात झाली होती.

"माझं नाव... काढतो कधी?"

रंजिताने मान खाली घातली.

ताईंनी दार लावून घेतलं. रडल्या नाहीत. जिवंतपणी फसवलं ते एक, पण मेल्यावरही हा माणूस तिकडेच जात होता!

अजूनही दर मंगळवारी दोन वाजता स्टार्टर फिरतो. आम्हीही ऐकलाय. बॅटरी काढून ठेवली, तरी फिरतो.

त्या वेळी ताई घराचं दार सताड उघडं टाकून बसतात. का, ते विचारायची आमची हिंमत होत नाही.

खाली बराच वेळ खर्रर... खर्रर... चालतं. मग थांबतं.

तीन जिने. फक्त तीन जिने.

तो एकदाही वर आलेला नाही.