शेवटच्या बाकावरचा निरीक्षक

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी तिला दहा मिनिटं उशीर झाला. सभागृहात एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावरही कुणीतरी कुंडी ठेवली होती.

"उचलतो, उचलतो," शेजारचा माणूस म्हणाला आणि त्याने कुंडी मांडीवर घेतली. "बसा. हिची जागा तुम्हाला."

"प्रशिक्षणाला कुंडी?"

"प्रयोगशाळेत ठेवली की विद्यार्थी प्रेमाने पाणी घालतात. इतक्या प्रेमाने, की तीन कुंड्या गेल्या."

तिला हसू आलं, पण तिने ते वहीत डोकं घालून लपवलं.

तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा, ती गणित. सहा वर्षं एकाच विद्यापीठात नोकरी करूनही दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. आणि आता प्रशिक्षक बाईंनी फर्मान काढलं होतं: जे शेजारी-शेजारी बसलेत त्यांची जोडी. सत्रभर एकमेकांच्या तासाला बसायचं, आणि जे दिसेल ते कागदावर लिहून द्यायचं. खरं लिहायचं.

त्या कागदावर तिचं बरंच काही अवलंबून होतं. तिचं संशोधन वाखाणलं जायचं, पण बढतीची फाइल गेल्या खेपेला परत आली होती. कुणा विद्यार्थ्याने अभिप्रायात लिहिलं होतं, 'मॅडम हुशार आहेत, पण त्या फळ्याशी बोलतात.' ते वाक्य तिला महिनाभर टोचत राहिलं होतं.

पहिल्या तासाला तो शेवटच्या बाकावर येऊन बसला. तास संपल्यावर त्याने निमूटपणे कागद पुढे केला. तिने वाचलं – 'बेचाळीस मिनिटं फळा, तीन मिनिटं मुलं. मॅडमची पाठ मला आता तोंडपाठ झाली आहे.'

तिचे कान तापले. "अधिकृत कागदावर असं लिहितात का, सर?"

"पेन्सिलीने लिहिलंय. खोडरबर देऊ?"

"नको," ती म्हणाली. "खरं आहे ते."

घरी जेवताना तिने आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, एवढा राग आलाय तर त्याच माणसाचं पुराण दुसऱ्यांदा का लावलंयस?"

तिने भाजी दोनदा वाढून घेतली.

मग तिची पाळी आली. त्याचा वर्ग म्हणजे नुसता हशा. तो पानं दाखवायचा, नकला करायचा, मुलं बाकांवर लोळायचीच काय ती बाकी होती. तास सुटल्यावर तिने एका मुलीला सहज विचारलं, "आज काय शिकलात?"

"सरांची मांजर झाडावर अडकली होती, ते," मुलगी म्हणाली, आणि बराच वेळ आठवून पाहिलं तरी तिला पुढे काही सांगता येईना.

तिने तेच कागदावर त्याला लिहून दिलं. वाचताना त्याचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच त्याच्याकडे विनोद नव्हता.

"सगळे म्हणतात, सर मस्त शिकवतात," तो हळूच म्हणाला. "हे कुणी सांगितलंच नव्हतं मला…"

"मलाही पाठीबद्दल कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी ती दोघं रिकाम्या वर्गात भेटू लागली. तो बाकावर बसायचा, ती सिद्धता मांडायची. "आता माझ्याकडे बघून सांगा," तो म्हणायचा. ती बघायची – आणि पुढची ओळ विसरायची. मग तो तिच्यापुढे आपला पाठ मांडायचा, आणि प्रत्येक विनोदाला ती विचारायची, "याने काय कळलं?" त्याच्या संशोधनाचे आकडेही तिनेच तपासले. पंचवीस रोपांवरून त्याने जगाचा नियम काढला होता. तिने त्याला आणखी दोनशे रोपं लावायला लावली. तो कुरकुरत लावत गेला. त्याच्या नखांत माती असायची आणि तिच्या ओढणीवर खडू, आणि गुरुवार फार सावकाश उजाडायचा.

सत्राच्या शेवटी बढतीच्या फाइलसाठी निरीक्षणाचा तास झाला. ती मुलांकडे बघून शिकवत होती, मुलं वाद घालत होती, आणि घंटा कधी झाली ते कुणालाच कळलं नाही. वर्ग रिकामा झाल्यावर तिने निरीक्षकाच्या सहीचा फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, पेन काढलं… आणि परत खिशात ठेवलं.

"मी सही करू शकत नाही."

"तास वाईट झाला?"

"इतका चांगला तास मी पाहिला नाही." त्याने फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. 'निरीक्षक व शिक्षक यांच्यात कोणतेही व्यक्तिगत संबंध नाहीत.' "हे माझ्या बाजूने खोटं होईल."

खिडकीचं दार वाऱ्याने उगाच वाजत राहिलं. "हे तासाआधी सांगता आलं नसतं?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा फळ्याकडे तोंड केलं असतं."

"सोमवारी फाइल जायची आहे, सर. आता निरीक्षक कुठून आणू?"

"प्रशिक्षक बाई उद्या अकराच्या तासाला येतील. सकाळीच विचारून ठेवलं मी."

"कारण विचारलं असेल त्यांनी."

"विचारलं. सांगितलं."

"म्हणजे मलाच सगळ्यांत शेवटी." तिने पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. राग आला होता की दुसरंच काही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्याच बाकावर वही उघडून बसल्या. मध्येच एका मुलाने असा प्रश्न विचारला, की ती अडखळली. पूर्वी तिने तो उडवून लावला असता. आज ती म्हणाली, "मला आत्ता येत नाही. चला, मिळून बघू." आणि पंधरा मिनिटांत वर्गाने मिळून उत्तर काढलं.

तास संपल्यावर बाईंनी सही केली आणि मान वर न करता म्हणाल्या, "तो कधीचा बाहेर उभा आहे. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण त्याला ताटकळत ठेवू नकोस."

तो व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता. "झाली सही?"

"झाली. पुढच्या सत्राला तुमच्या तासासाठी दुसरा निरीक्षक शोधा."

त्याने मान हलवली, कसाबसा हसला. "बरं… समजलं."

"काही समजलेलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या फॉर्मवर सही करायची म्हटलं, तर आता मलाही खोटं लिहावं लागेल."

तो बघतच राहिला. मग दोघं एकदमच हसली, आणि तिने त्याचा हात धरला – भर व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांसमोर.