बीमची सांध

माझं काम बीम जोडायचं. बीम म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा लठ्ठ रूळ. तो संपत आला की जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्या बीमचे धागे एकेक करून गाठायचे. बोटांना राख लावायची, मागाखाली शिरायचं आणि मान मोडेपर्यंत बसायचं. सुरतेत कतारगामला आमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, पंखा होता, पण तो शेठच्या डोक्यावर.

तिथले जुने विणकर हिलालबाबा आणि मी, आमचा एक कायमचा वाद होता. ते म्हणायचे, "मानूसनी लांबी पहिलेच गुंडाळेल ऱ्हास. सरनी का सरनी."

लांबी आधीच गुंडाळलेली असते, संपली की संपली, हे मला पटायचं नाही. धूळ बसते, तेल कमी पडतं, आज इथला धागा तुटतो, उद्या तिथला. माणूसही असाच जागोजागी खराब होत जातो. त्याला कोण कशाला आधी मोजून ठेवेल? हिलालबाबा तंबाखू मळत नुसते हसायचे आणि माझं डोकं फिरायचं.

माझा धाकटा भाऊ वाल्मिक कोपऱ्यातल्या मागावर होता. नुकतंच लग्न झालेलं. त्या मागावर नवा बीम चढला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या कानशिलावर पांढरे केस दिसू लागले. मी सुरतच्या पाण्याला नावं ठेवली. मग त्याची दाढ पडली. मी जागरणाला दोष दिला.

चौऱ्याण्णव साली प्लेगची बातमी आली आणि सुरत रिकामी झाली. खात्याला कुलूप लागलं. आम्ही मिळेल त्या गाडीत घुसून अमळनेर गाठलं. गावी आमच्या सगळ्यांच्या दाढ्या वाढल्या, वाल्मिकची तेवढी होती तशीच राहिली. नखंही वाढेनात. त्याची बायको रुपाली ताट झाकून ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची.

"माले भूकच लागत नही, भाऊ," तो म्हणाला. तो घाबरलेला दिसत नव्हता. मी मात्र घाबरलो.

परत आलो, माग सुरू झाले, आणि वाल्मिक त्याच दुपारी अधाशासारखा जेवला. मला हायसं वाटलं. पण दिवाळीपर्यंत त्याची पाठ वाकली. मी त्याला खोलीवर बसवलं आणि त्याच्या जागी खात्यातल्याच छगनला उभं केलं. काही उपयोग झाला नाही. खात्यात छगन माग चालवत होता आणि खोलीवर वाल्मिकच्या भुवया पिकत होत्या.

शेवटी मी त्या मागाचा पट्टा उतरवून तो बंद केला. खोलीवर आलो तेव्हा वाल्मिकच्या तोंडात घास तसाच होता. त्यानं तो हातावर काढून ठेवला.

"माग थांबना का मी बी थांबस, भाऊ. चालू कर. हाई जगनं नही."

मी पट्टा चढवला. दुसरं काय करणार होतो? चालू ठेवला तर भाऊ म्हातारा होत होता, बंद ठेवला तर त्याला घास गिळवत नव्हता. पळून जायची सोय नव्हती, गावी जाऊन ते पाहून झालं होतं.

बीमचं लोखंड दिसायला लागलं तेव्हा वाल्मिक अंथरुणाला खिळला होता.

"दादा, काहीतरी करा," रुपाली म्हणाली.

मला येत होतं तेच केलं. नवा बीम चढवून मागाखाली शिरलो. आयुष्यात इतकं जपून कधी गाठलं नव्हतं. हिलालबाबा शेजारी येऊन उभे राहिले.

"ज्याना त्याना बीम ऱ्हास, शालिग्राम. हाऊ कोना शे?"

हा बीम कोणाचा, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं. हात थांबवला नाही.

माग सुरू केला. गाठींची सांध सरकत सरकत पुढे कापडात गेली. मी धावत खोलीवर आलो. वाल्मिक भिंतीला टेकून बसला होता, पाणी मागत होता. पुढच्या दिवसांत त्याचे केस मुळापासून काळे निघाले, पाठ सरळ झाली. मी रुपालीसमोर रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही. हिलालबाबांना मुद्दाम गाठून म्हणालो, "बघितलं? लांबी वाढवता येते."

या वेळी ते हसले नाहीत.

एका दुपारी खोलीवर गेलो. वाल्मिक उघडा बसला होता, दाराकडे पाठ करून. मागे रुपाली, हातात कात्री.

"दादा, ह्यांच्या मानेवर बारीक गाठींची रांग आलीय. टोकं टोचतात म्हणून कापत होते."

"नको!" मी ओरडलो.

"एकच कापली," ती हळूच म्हणाली. "तेव्हापासून ह्यांचा एक डोळा मिटत नाही."

वाल्मिक वळला आणि माझ्याकडे बघून हसला.

त्या डोळ्याच्या बुबुळावर माशी बसली होती. त्याला ते कळलं नव्हतं.