अडलेल्या दारानं नाव विचारू नये

"माणसाला आकड्यानं हाक मारू नये गं, नावागावानं मारावी." केतकीनं पृथ्वी सोडली तेव्हा सखूआत्या हे म्हणाली होती. चार वर्षं झाली, तरी तो आवाज केतकीच्या कानात ओलाच होता. चंद्रावरच्या वस्तीनंही तो रिवाज जपला होता. इथली दारंसुद्धा म्हणत, "मालगुंडच्या मंदाकिनीताई, या."

आज मात्र दार मुकं झालं. मंदाकिनी, म्हणजे केतकीची आई, बाहेरून परतली आणि हवाकक्षात (दोन दारांमधली छोटी खोली) अडकली. पाठीवरच्या टाकीत नऊ मिनिटांची हवा. पडद्यावर एकच शब्द धावत होता: चूक, चूक, चूक.

"एकच चूक हजारदा कशी होते?" आबा पुटपुटले. केतकीचे हे आजोबा वस्तीचा नोंदकोश (डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार) सांभाळत. "हातमोज्यावरच्या धुळीनं तिची नोंद अर्ध्यात फिसकटली, एवढंच. अशा वेळी कोश चूक-सेवकाला बोलावतो." (वेळ आली की असं आपोआप बोलावलं जाणारं काम म्हणजे कॉलबॅक.) "त्यानं फक्त ओरडून सांगायचं. मग कोश अर्धी नोंद पुसतो, पुन्हा उभा राहतो. तोवर तो कुणालाच उत्तर देत नाही, बयो."

"आणि सेवकानं कोशालाच काही विचारलं तर?" केतकीनं पडद्याकडे बघत विचारलं.

"पाय मोडलेल्याच्याच खांद्यावर बसून वैद्याकडे निघाल्यासारखं! उत्तर नाही, म्हणजे नवी चूक. नव्या चुकीला पुन्हा तोच सेवक. तो पुन्हा विचारणार..." आबांनी सेवकाच्या सूचना उघडल्या. "अगं, हा सेवक तर कोशाला नाव विचारतोय."

चार मिनिटं उरली. ओळ सापडली: 'चूक झाली की कोशातून नाव-गाव आण.' आबांनी ती खोडली, दाराचं यंत्र पुन्हा चालू केलं. सेवक एकदाच बोलला. अर्धी नोंद पुसली गेली. दार कुरकुरत सरकलं.

आई भिंतीला टेकून धापा टाकत होती. "दार कुणाशी भांडत होतं एवढं?"

"स्वतःशीच," आबा म्हणाले. "यापुढे नाव आधीच विचारायचं, दार हलण्यापूर्वी. चिठ्ठीवर टिपून ठेवायचं. संकटात सेवकानं चिठ्ठी वाचायची, बास. उद्या शंभर वस्त्या होऊ देत, प्रत्येकाला नावानंच हाक जाईल. पण ती ओळ घातली कुणी?"

केतकीनं आईचा गार हात धरला.

"मी. चूक झाली की दार आईला एकतीस नंबर म्हणायचं, ते मला ऐकवेना. आणि आबा, आज पहिल्या मिनिटापासून मला ठाऊक होतं. भीतीनं बोलले नाही."