रानाचा वाटा

काकासाहेबांच्या गुडघ्यांना दिल्लीची थंडी मानवत नव्हती, पण बंदुकीचं नाव काढलं की ते दुखणं कुठल्या कुठे पळायचं. वय बहात्तर, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, मूळ गाव पाटणच्या डोंगरात. हल्ली आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलाकडे असायचे आणि गॅलरीत बसून खालचे लोक स्कूटर कशा वाकड्या लावतात यावर दिवसभर बोलायचे. मुलगा विश्वास एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. माणूस भला, पण स्वभावानं कागदी. फाइलमध्ये असेल ते खरं, बाकी सगळ्या गावगप्पा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उदयसिंहचा फोन आला. हा काकासाहेबांचा फौजेतला दोस्त. नोएडाच्या पलीकडे, जिथं सेक्टरचे आकडे संपतात आणि यमुनेचा खादर, म्हणजे पुराच्या पाण्याखाली जाणारा सखल पट्टा, सुरू होतो, तिथं त्याची शेती.

"सूबेदार साब, नीलगाय ने सारा गेहूं चर लिया. परमिशन मिल गई है. चलानेवाला कोई नहीं."

गावाकडे काकासाहेब या जनावराला रोही म्हणत. नातीला तो शब्द सांगितला तर ती म्हणाली, "आजोबा, ये क्या होता है?" त्यांनी कपाळावर हात मारला. नाव गाय, पण जनावर हरणाच्या कुळातलं, घोड्याएवढं आणि पिकाचा काळ.

परवानगीचा कागद विश्वासनं दोनदा वाचला. महिन्याभरात चार नर. बंदूक चालवणाऱ्याच्या रिकाम्या जागी मागाहून घातलेलं काकासाहेबांचं नाव. प्रत्येक जनावराचा फोटो जोडावा. मेलेलं जनावर जागेवरच पुरावं.

"पुरायचं?" काकासाहेब उसळले. "दीड-दोनशे किलो अन्न मातीत घालायचं? आणि ती पुश्त्यावरची माणसं काय माती खाणार?"

पुश्ता म्हणजे नदीचा बांध. त्याच्या कडेला तीस झोपड्यांची वस्ती होती, समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरांवर काम करणाऱ्या छत्तीसगढच्या मजुरांची. पण हवा बिघडली, सरकारनं बांधकामं बंद केली आणि क्रेन जागच्या जागी थिजल्या. दिल्लीकरांना तेवढे दिवस खोकला होतो. या लोकांची चूल बंद पडते. पंधरा दिवस ती माणसं मिठाशी भात खात होती, आणि आता भातही संपत आला होता.

"आबा, नियम आहे," विश्वास म्हणाला.

"नियमाला कातडं आणि हाडं देऊ. मांस भुकेल्याला. फौजेत तीस वर्षं काढलीत मी, नियम कुठं वाकतो ते मला नको शिकवू."

विश्वासनं कागदाची घडी घातली. आपण सरकारी नोकर, हे त्याला टोचत राहिलं. पण म्हाताऱ्याला एकटं सोडणंही जमेना. काकासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तेव्हा ठरलं असं, की विश्वासनं शेजारी बसून दुर्बिणीतून बघायचं आणि सगळं ठीक असेल तर वडलांच्या खांद्यावर थाप द्यायची. थाप मिळाल्याशिवाय घोडा दाबायचा नाही.

पहिल्या रविवारी उजाडता उजाडता दोघं गव्हाच्या बांधाआड बसले. धुरकं असं दाट, की समोरचे टॉवर नुसते विटलेल्या पडद्यावरच्या रेघा वाटत होते. जळक्या रबराचा वास घशाशी येत होता.

मग सरकंड्याच्या उंच गवतातून तो बाहेर आला.

निळसर राखाडी नर. आखूड शिंगं, गळ्याखाली पांढरा पट्टा, डाव्या कानाचं टोक दोन बोटं फाटलेलं. एवढं मोठं धूड, पण एक काडी वाजली नाही. तो सरळ यांच्याकडे बघत थांबला. वास त्याला नक्की लागला होता. जनावर पळायला हवं होतं. त्यानं सावकाश अंग वळवलं, डावी बाजू यांच्याकडे केली आणि मान वर करून उभा राहिला.

विश्वासनं थाप दिली. बार झाला. नर जागीच बसला, एखादा दमलेला माणूस बसतो तसा.

काकासाहेबांनी टोपी काढली. "असं जनावर मी उभ्या आयुष्यात बघितलं नाही रे," ते म्हणाले.

फाडताना पहिल्यांदा त्यांनी काळीज काढलं. गावची रीत. काळीज रानाचं. ते पळसाच्या पानात बांधून, जनावर पडलं त्याच जागी ठेवायचं आणि मागं न बघता निघायचं. इथं पळस कुठला मिळणार? रुईच्या पानांवर भागवलं.

"ते माणसाच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही," काकासाहेब म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? नाही द्यायचं."

विश्वास मनात हसला. त्यानं फोटो काढले. जनावराचा, जखमेचा, कातडं-हाडं पुरलेल्या खड्ड्याचा.

वस्तीवर वाटे पडले. पहिला वाटा ज्या घरात कमावता हात नाही त्या घराला, हीसुद्धा गावचीच रीत. पहिला वाटा गेला ममताच्या आईकडे. नवरा मागच्या वर्षी गेलेला, नऊ वर्षांची पोर तेवढी पदरात. ममता दाराशी पोतं पांघरून बसली होती. ओठ पांढरेफटक, श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजायची.

"चश्मेवाले अंकल, आपने मारा?" तिनं विचारलं.

"मैंने नहीं. मैंने सिर्फ देखा."

"उसने भी देखा आपको?"

त्या दिवशी तीसही झोपड्यांतून धूर निघाला. बायका पुश्त्यावर येऊन हात जोडून उभ्या राहिल्या आणि काकासाहेब, ज्यांनी लढाईवर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते गाडीत बसून नाक शिंकरत राहिले.

दुसऱ्या रविवारी त्याच वेळी, त्याच जागी सरकंड्यातून नर बाहेर आला. डाव्या कानाचं टोक दोन बोटं फाटलेलं. त्यानं डावी बाजू दिली.

जवळ गेल्यावर विश्वासनं फोटो काढायला फोन धरला आणि हात तसाच राहिला. खांद्यामागे रुपयाएवढा गोल डाग होता. केस नसलेला, जुना, भरून आलेला.

"कुणाची तरी जुनी गोळी असेल," तो म्हणाला.

रुईच्या पानांचा पुडा काकासाहेबांनी दोन्ही हातांनी धरला होता, प्रसाद धरतात तसा.

घरी येऊन विश्वासनं दोन्ही फोटो कंप्युटरवर शेजारी शेजारी लावले. कान तोच. गालावरचे दोन पांढरे ठिपके तेच. पहिल्या फोटोत जिथं ताजी जखम, दुसऱ्या फोटोत तिथंच डाग. बायको, मयुरा, चहा घेऊन आली, बघून म्हणाली, "एकाच प्राण्याचे दोन फोटो कशाला काढलेस?" आता बोला!

तिसऱ्या रविवारी दोन डाग होते.

विश्वासनं फावडं घेतलं आणि पहिला खड्डा उकरला. वर गवत रुजलेलं, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरल्याची खूण नाही. कमरेइतकं खणलं. हाड नाही, कातड्याचा तुकडा नाही, केससुद्धा नाही. खाली थंड, घट्ट माती; कधी कुणी हातच लावला नसावा अशी.

"आबा, हे काय आहे?"

"आपण त्याचं त्याला देतोय. तो त्याचं आपल्याला देतोय," काकासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता, डोळे भरले होते. "तीस घरं जेवतायत, लेका. हात जोड आणि गप्प बस."

विश्वासनं खरंच हात जोडले. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी छातीत भरलं होतं. देवळात कधी झालं नव्हतं तसं झालं.

त्या दिवशी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काकासाहेबांनी पुडा विश्वासच्या हाती दिला. "तू ठेवून ये. मागं बघू नको."

तो निघाला, एवढ्यात पुश्त्यावरून ममताची आई धावत आली. पोरीनं डोळे फिरवले होते.

झोपडीत ममता चटईवर पडली होती. मयुरानं पाठवलेला लाल स्वेटर तिच्या अंगात होता आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. दवाखान्याचा कागद आईनं विश्वासपुढे धरला. रक्त फार कमी. रक्त वाढवणारं अन्न द्या. दाखल करायला खाट नाही, चार दिवसांनी या.

चार दिवस! विश्वासनं ओळखीच्या दोन डॉक्टरांना फोन लावले. एकानं उचलला नाही. दुसरा म्हणाला, "खाट मी बघतो, उद्या सकाळपर्यंत कळवतो. तोवर काहीतरी सत्त्वाचं पोटात जाऊ दे. कलेजी वगैरे दे."

पुडा विश्वासच्या हातातच होता. रुईच्या पानांमधून ऊब लागत होती.

काय करील माणूस? समोर पोर मरतेय आणि हातात तिचं औषध आहे. ते गवतात ठेवून यायचं, कशासाठी, तर आजोबा-पणजोबा ठेवत आले म्हणून? त्यानं पुडा आईच्या हाती दिला.

"इसको पकाकर खिलाओ. किसी को बताना मत."

गाडीत काकासाहेबांनी विचारलं, "ठेवलंस?"

"ठेवलं."

"मागं नाही ना बघितलंस?"

"नाही, आबा."

सकाळी डॉक्टरांचा फोन आला, खाट मिळाली होती. विश्वासनं ताबडतोब ममताच्या आईला फोन केला. ती हसत होती आणि रडत होती. पोर उठून बसली होती. शिट्टी बंद झाली होती. अस्पताल कशाला? विश्वास ऑफिसच्या जिन्यात बसून मुलासारखा रडला. एवढा हलका तो कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

गुरुवारी त्यानं पुन्हा विचारपूस केली.

"दौड़ती है, साब," आई म्हणाली. मग जरा थांबून, "बस रोटी नहीं खाती. भात भी नहीं. सुबह अंधेरे में उठकर खेत की तरफ चली जाती है. बुलाओ तो देखती है. बोलती नहीं."

"थकवा असेल," विश्वास म्हणाला. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ तो समोरच्या फाइलची एकच ओळ वाचत होता.

चौथा रविवार. परवानगीतला शेवटचा नर.

धुरकं त्या दिवशी जमिनीला चिकटलं होतं. मागे पुश्त्यावर बायका पातेली घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांना सांगावं लागत नव्हतं. काकासाहेबांनी गोळी भरली, बंदूक बांधावर टेकवली.

बराच वेळ काही हललं नाही.

"आला बघ," काकासाहेब कुजबुजले.

विश्वासनं दुर्बीण डोळ्यांना लावली. सरकंड्याच्या कडेला, त्याच जागी कोणीतरी उभं होतं. एक काडी वाजली नव्हती.

लाल स्वेटर होता.

"थाप दे की," काकासाहेब म्हणाले.

विश्वासनं दुर्बिणीची काच पुसून पुन्हा बघितलं.

"अरे, दिसतोय ना चांगला? कान फाटका. तोच आहे."

"आबा, बंदूक खाली घ्या."

"का?"

"ममता आहे ती!"

"कोण ममता? शिंगं दिसतायत मला." त्यांनी गाल बंदुकीला टेकवला. "सगळी मागं वाट बघतायत, लेका. थाप दे."

विश्वासनं नळी दोन्ही हातांनी धरली आणि खाली मातीत दाबली.

काकासाहेबांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. त्या पडदा चढलेल्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उमगत गेलं.

"काळीज कुठं ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

विश्वासनं सरकंड्याकडे बोट केलं.

म्हाताऱ्यानं गोळी काढायला हात घातला. गोळी निसटून गव्हात पडली. ती कुणीच उचलली नाही.

विश्वास उठला. ओंजळ तोंडाशी धरून ओरडला, "ममता! घर जाओ बेटा! घर जाओ!"

तिनं ऐकलं. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, ओळखही नव्हती.

ती पळाली नाही. तिनं सावकाश अंग वळवलं, डावा खांदा त्यांच्याकडे केला आणि मान वर करून उभी राहिली.