पूर्व स्टँडचा भार

फुटबॉल क्लबच्या पूर्व स्टँडचं भिजत घोंगडं दोन वर्षं तसंच पडलं होतं. निम्मे सभासद म्हणत, जुनंच मैदान डागडुजी करून वाढवा. उरलेले म्हणत, शहराबाहेर मोकळी जागा मिळतेय, चला तिकडे. शेवटी एका गोष्टीवर सगळ्यांचं जमलं: स्टँडमध्ये किती जीव उरलाय ते इंजिनियरला विचारायचं. क्लबचा चिटणीस म्हणाला, माझी थोरली बहीणच इंजिनियर आहे. कोणी हरकत घेतली नाही, कारण ही बाई सख्ख्या भावालाही भीक घालत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला.

"ताई, पुढची तपासणी राहू दे. धोकादायक आहे एवढं लिहून टाक. उद्याच ठराव होऊन जाईल."

"तुला तिथून जायचंय, तर सरळ तसं म्हण. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?"

"जायचंय. मला ते मैदान कधीच आवडलं नाही."

हे तिला नवीन होतं. लहानपणी वडील दर शनिवारी फक्त त्यालाच सामन्याला न्यायचे, आणि ती घरात रुसून बसायची. त्या मैदानात तिने पाऊल टाकलं ते थेट चार दिवसांपूर्वी, हातात टेप घेऊन.

अकरा वाजता ती पोचली. फाटक मैदानाच्या म्हाताऱ्या राखणदाराने उघडलं. त्याला सगळे काकाच म्हणत.

"मॅडम, तीनच्या आत आटपा," तो म्हणाला.

"का, तुम्हाला जायचंय का कुठे?"

"तीनला दारं बंद होतात."

"कोण करतं?"

"पूर्वी मीच करायचो. सामना सुरू झाला की चारी फाटकं बंद, म्हणजे फुकटे शिरत नसत. संपला की उघडायची. आता मी नाही करत."

म्हातारा एकटा राहून राहून जरा सरकलाय, असं समजून ती स्टँडखाली गेली.

खाली लांबलचक बोगद्यासारखी वाट होती. भिंतींना खांद्याच्या उंचीवर तेलकट पट्टा उमटला होता, साठ वर्षं माणसं घासून गेल्याचा. वर तीन मोठ्या तुळया. प्रत्येक तुळईखाली तिने घड्याळासारखं एकेक मापक बसवलं होतं. वर माणसं बसली की तुळई केसभर झुकते, उठली की परत येते. तो केसभर फरक मापकाचा काटा दाखवतो. आज फक्त रिकाम्या स्टँडची नोंद घ्यायची होती. भार टाकून बघायचं ते सभेनंतर, पुढच्या आठवड्यात.

बारा वाजता तिन्ही काटे शून्यावर होते. तिने तसं लिहिलं आणि डबा खाल्ला. एक वाजता मधला काटा एक रेघ सरकला होता. उन्हाने होतं असं, तिने लिहिलं. मग तिच्या लक्षात आलं की स्टँडवर छप्पर आहे आणि बाहेर सकाळपासून मळभ आहे. तिने ती ओळ खोडली.

दोन वाजता तिन्ही काटे हलले होते. तिने मापकं सोडवून पुन्हा बसवली. काटे शून्यावर आले, आणि तिच्या डोळ्यांदेखत परत सरकायला लागले. सारखे नाही. थोडे सरकायचे, थांबायचे, पुन्हा थोडे. यंत्र बिघडलं तर असं वागत नाही. असं होतं ते माणसं दोघं-चौघं करून येतात आणि जागा धरतात तेव्हा.

तिने धावत वर जाऊन पाहिलं. लाकडी बाकांच्या रांगांवर रांगा, सगळ्या रिकाम्या. ओल्या लोकरीचा आणि सिगारेटचा वास मात्र होता. आवाज कसलाच नव्हता.

पावणेतीनला तिने गणित मांडलं. एवढा वाक म्हणजे साधारण दोन हजार माणसं. स्टँडमध्ये जागाच तेवढी होती. तिने तीनदा मांडून पाहिलं, उत्तर तेच. मग वही मिटली आणि सामान तिथेच टाकून ती फाटकाकडे निघाली.

फाटक बंद होतं. कडी आतून होती आणि ती उघडीच होती. तिने दोन्ही हातांनी ढकललं. ते लोखंड अडकल्यासारखं लागत नव्हतं. पलीकडून कोणी पाठ टेकून उभं असावं तसं जरासं दबायचं आणि परत जागेवर यायचं.

दुसरं फाटक तसंच. तिसरं, चौथंही.

"काका," तिने हाक मारली. बोगद्यात तिचा आवाज घुमायला हवा होता. घुमला नाही. भरल्या खोलीत बोलल्यासारखा जागच्या जागी विरला.

मैदानावरून काकाला खूण करावी म्हणून ती पुन्हा वर आली. गवतावर रोलर उभा होता. काका नव्हता. खाली मैदानात उतरायचा जिना रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणून ती बाकांमधून चालू लागली. निम्म्या वाटेत तिला कळलं की आपण सरळ चालत नाही आहोत. आडवं होऊन, पोट आत घेऊन, पाय उचलून टाकत चाललोय. कोणाच्या तरी गुडघ्यांवरून जावं तसं.

ती थांबली. मग पुढे जाता येईना, मागेही येईना. दोन्हीकडे मोकळी बाकं दिसत होती. ती खाली बसली, कारण उभं राहणं बरं दिसत नाही असं तिला वाटलं, आणि आपल्याला असं का वाटलं याची भीती वाटली.

तिने भावाला फोन लावला.

"ताई? मोठ्याने बोल. केवढा गोंगाट आहे तिथे."

तिच्या भोवती चिटपाखरू नव्हतं.

"फाटकं उघडत नाहीयेत," ती म्हणाली. "मला घ्यायला ये."

"कुठे आहेस?"

"पूर्व स्टँडमध्ये."

तो म्हणाला, "फोन ठेवू नकोस. निघालोच."

वीस मिनिटं तिने फोन कानाला धरून ठेवला. त्याची गाडी ऐकू येत होती, त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने घड्याळाकडे बघायचं टाळलं. डाव्या दंडाला ऊब लागत होती.

"फाटक तर उघडंच आहे," भाऊ म्हणाला.

आणि तो मैदानावर आलेला तिला दिसला. लहानसा, गवताच्या कडेला, फोन कानाशी. त्याने स्टँडकडे पाहिलं आणि जागीच थांबला.

"दिसले का मी?" तिने विचारलं.

"कुठल्या रांगेत आहेस?" त्याचा आवाज अगदी हळू झाला होता.

"मधल्या. तुझ्या समोरच."

"मला कळत नाहीये, ताई. हात वर कर बरं."

तिने हात वर केला. उंच, बोटं पसरून.

भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग एक पाऊल मागे सरला.

"ताई," तो म्हणाला, "सगळ्यांनीच केले."