बोंब-चाचणी

पुण्याच्या वामबोध केंद्रात जुनं काही बंद करायचं असलं की बोंब-चाचणी घेत. तासभर ते थांबवायचं आणि कोण बोंब मारतं ते बघायचं. कोणीच नाही मारली, तर कायमचं पुसायचं. पद्धत अडाणी होती, पण आजवर फसली नव्हती.

आज पाळी जुन्या कार्यप्रणालीवरच्या डब्यांची होती. पक्षाघातानंतर काहींचा मेंदू जगाची डावी बाजूच विसरतो. अशांच्या डोक्यात केंद्र एक चकती बसवी. चकती नुसती निरोप्या. डावी बाजू ओळखायचं काम चाले केंद्रातल्या संगणकावर, प्रत्येक रुग्णाच्या वेगळ्या आज्ञावलीत; तिलाच तिथे 'डबा' म्हणत.

"जुन्या प्रणालीची दुरुस्ती आता कोणी करत नाही," केंद्रप्रमुख डॉ. निरंजन बर्वे म्हणाले. "चोर शिरला तर थेट लोकांच्या डोक्यात शिरेल. रुग्णांना नवे डबे दिलेत. कोणी राहिलं असेल तर ओरडेलच."

डबे थांबले. तासभर एकही फोन वाजला नाही. डॉक्टर खुशीत जेवायला बसले.

"आज पोळ्या नाहीत वाटतं," ते कुरकुरले.

समोर बसलेली अभियंता अनुजा टिल्लू बघतच राहिली. पोळ्या ताटातच होत्या, डावीकडे. तिने ताट फिरवलं.

"अरे, आत्ता वाढल्या का?"

अनुजा पुढे झुकली. "सर, तुमच्या डोक्यातली चकती नव्या डब्यावर कधी नेली?"

"आधी रुग्ण, मग मी. नेली असेल की! नसती, तर मला कळलं नसतं?"

"नाही कळत, सर! ज्याची डावी बाजू गेली, त्याला ती होती हेच आठवत नाही. मग बोंब कोण मारणार? आणखी कितीजण राहिलेत देव जाणे. त्यातलं कोणी आत्ता रस्त्यावर गाडी चालवत असेल!"

"एक तरी तक्रार दाखव," म्हणत डॉक्टर उठले आणि नियंत्रण-पडद्यासमोर बसले. पडदा फक्त त्यांचंच बोट ओळखे. त्यावर दोन बटणं होती: डावीकडे 'पुन्हा चालू', उजवीकडे 'कायमचे पुसा'.

"सर, पाया पडते, एकदा चालू करा!"

"तुझ्या समाधानासाठी केलंही असतं गं," ते प्रेमाने म्हणाले. "पण इथे बटण एकच आहे."

तिने हात धरायच्या आत त्यांनी ते दाबलं.