नामाजींची तीच ती गोष्ट

विश्राम ठोसर अकोल्याच्या ‘सोबत’ नावाच्या केंद्रात आला. पूल बांधणारा हा अभियंता दारू सोडून जेमतेम महिनाभर तग धरून होता आणि आता त्याला बैठक हवी होती. दारू सोडलेली माणसं गोल बसून एकमेकांना आपबीती सांगतात, तसली जुनी बैठक.

"तशी आता जिल्ह्यात एकही उरली नाही," केंद्राच्या संचालिका डॉ. शर्वरी बोंद्रे म्हणाल्या. "चटकबंदी लस आल्यापासून नवे दारुडे होतच नाहीत. राहिलेत ते तुमच्यासारखे, लसीआधीचे. तेही विखुरलेले."

आधीच लागलेल्या चटकेवर ती लस चालत नसे. सरकारने रोग संपवला होता, रोगी तेवढे राहून गेले होते.

"मग मी जायचं कुठे?"

"इथेच. खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांवर प्रकाशदेह दिसतील, प्रकाशाने उभी केलेली माणसं. काही दूरच्या गावांतल्या खऱ्या माणसांचे, बाकीचे सोबती. सोबती म्हणजे संगणकाने घडवलेली माणसं. असंख्य जुन्या बैठकी ऐकून ती बोलायला शिकली आहेत. फोनही करतात, घेतातही."

"त्यांतले खरे कोण?"

"ते सांगत नाही. सांगितलं की लोक फक्त खऱ्यांचंच ऐकतात, आणि गुण येतो तो सगळ्यांचं ऐकण्याने. शिवाय कुणी पुन्हा प्यायला लागला किंवा वारला, तर त्याची खुर्ची आम्ही रिकामी ठेवत नाही. एक गळाला की पाठोपाठ बाकीचे गळतात. म्हणून त्याच्याच रूपात सोबती बसतो."

"म्हणजे मेलेला माणूसही बैठकीला येतो?"

"कुणाला कळत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

विश्रामला शिसारी आली. पण अडला हरी, जाणार कुठे? तो दर गुरुवारी येऊ लागला.

आपण ज्याच्यापुढे रडतो तो निदान जिवंत असावा, एवढंच त्याचं मागणं होतं. एक खरा माणूस पुरे होता. तेवढ्यावर तो दारूशिवाय जगला असता. त्यात अभियंत्याचं डोकं, ते स्वस्थ कसं बसेल? तो प्रत्येकाला पारखू लागला. बाकीचे दर वेळी नवं काही सांगत, अडखळत, हसत, मध्येच आठवून रडत. मूर्तिजापूरकडचे नामाजी ढोके मात्र दर गुरुवारी एकच गोष्ट सांगायचे, तीही त्याच शब्दांत.

"पोरीले शाळेतून आणाले गेलो. पेलो होतो. दुसऱ्याच पोरीचा हात धरून घरी आलो. माही पोरगी तिकडं फाटकापाशी उभी."

मग तिथेच थांबायचे आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसायचे. टेप लावल्यासारखं. हे यंत्र, आणि तेही जुनं, अशी विश्रामची खात्री पटली. पुढे पुढे नामाजी बोलू लागले की तो छताकडे बघत बसे.

बैठकीची एक रीत होती: फोन पहिल्या घोटाआधी करायचा, नंतर नाही. एका रविवारी दुपारी विश्रामचा फोन वाजला.

"ठोसर साहेब, म्या नामाजी. बाटली समोर हाये. तुम्ही बोला काही. काहीबी बोला."

विश्रामला हसू आलं. "नामाजी, तुमचा संगणक माझी परीक्षा घेतोय वाटतं. त्याला सांगा, आधी तुम्हाला दुसरी गोष्ट शिकव."



"बरं, साहेब. तरास देला तुमाले."

गुरुवारी नामाजी आपल्या खुर्चीवर हजर होते. बाटली नाही न् काही नाही, सगळं नाटक होतं, असं म्हणून विश्राम सैलावून बसला. मग नामाजी बोलू लागले.

"शाळेची घंटा झाली, अन् म्या फाटकात झोकांड्या देत उभा. पोरीनं मले पाह्यलं. पण हाक नाही मारली तिनं. तिले माही लाज वाटली."

 विश्राम बैठक अर्धी टाकून बोंद्रेबाईंच्या खोलीत गेला.

"नामाजींनी आज वेगळं सांगितलं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोबत्यांना एक वाक्य दोनदा वापरायची बंदी आहे. ऐकणारे कंटाळू नयेत म्हणून. तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगतो तो माणूस, ठोसर. ज्या दिवसाने जन्म नासवला, तो सांगायला त्याच्याकडे दुसरे शब्द नसतात."

"कधी गेले?"

"रविवारी. लिव्हर आधीच संपलेलं होतं."

"त्यांनी मला फोन केला होता."

"माहीत आहे. शेवटचा फोन तुम्हालाच होता."

"पण मलाच का? बाकी एवढे होते."

"नामाजीही मला विचारायचे, खरा कोण म्हणून. मी सांगितलं नाही. तेव्हा म्हणाले, ठोसर साहेब खरे असतील, त्यांचा कोणावरच भरवसा नाही."

विश्रामला रडू फुटलं.  मग डोळे पुसत त्याने विचारलं, "आता उरलेल्यांत खरं कोण आहे? एकाचं तरी नाव सांगा."

"ते सांगायचं नाही, असा नियम आहे," बाई म्हणाल्या. "पण आता तो पाळायचा कुणासाठी? त्या खोलीत खरे तुम्ही दोघंच होतात."